वळण लावणारी शाळा

आपल्या भाषेंत 'वळण' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. अक्षराला वळण असतें, मुलांना वळण लावावयाचें असतें, आणि रस्त्यालाहि वळण असतें. पहिल्या दोन वळणांची चिंता आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहिली जात आली आहे. मुलाचें अक्षर वांकडें आलें तर कित्ता पुढें येतो. मुलगी पाहुण्यांसमोर पाय पसरून बसली तर आजी डोळे वटारते. परंतु ज्या वळणावरून आपलीं मुलें रोज जीव मुठींत घेऊन जातात, त्या रस्त्याच्या वळणाविषयीं आपल्याजवळ दोनच शब्द आहेत : 'सावकाश जा.' मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं दुचाकीची किल्ली त्याच्या हातीं पडते, आई उंबऱ्यापर्यंत येऊन हे दोन शब्द उच्चारते, आणि आपलें कर्तव्य झालें असें सर्वांस वाटतें. आम्हांसहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें. तें पुरेसें नाहीं हें कळण्यास एक घाट, एक एस. टी. आणि चेन्नईजवळची एक शाळा इतक्यांचें साहाय्य लागलें. ती हकीकत या खेपेस वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आमचा अपराध कबूल करतों. दोन वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत धाकट्या कन्येस मागें बसवून आम्ही मोटारसायकलनें भोरकडून वरंधा घाट उतरत होतों. शिवथरघळीचें दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत पुण्यास परतावें असा बेत होता. तीस वर्षें आम्ही दुचाकी चालवीत आलों, आणि आजवर एकहि अपघात नाहीं ही गोष्ट चारचौघांत जरा मान ताठ करूनच सांगत असूं. घाटांतील एक डावें वळण आरंभीं सौम्य दिसलें; आंत शिरल्यावर मात्र तें अधिकाधिक आवळत गेलें. इतक्यांत समोरून एस. टी. चढत आली. आमची छाती धडधडली, उजव्या हाताची बोटें आपोआप मिटलीं, ब्रेक करकचून दाबला गेला, आणि डोळे त्या एस. टी.च्या लाल तोंडावर जे खिळले ते हलेनात. डावीकडे झुकलेली आमची गाडी ताठ उभी राहिली आणि रस्त्याचा मध्य ओलांडून थेट एस. टी.कडे निघाली. त्या चालकानें प्रसंगावधान राखून आपली गाडी डोंगराकडच्या गटारापर्यंत दाबली, आणि तिच्या पत्र्यापासून हातभर अंतरावरून आम्ही निसटलों. त्यांत आमचें कर्तृत्व रतिभरहि नव्हतें.

मागून एक शब्दहि आला नाहीं. घाट उतरल्यावर एका टपरीपाशीं चहाला थांबलों, तेव्हां कन्येनें पेला खालीं ठेवला आणि अगदीं शांत आवाजांत म्हटलें, "बाबा, परत जातांना मी एस. टी.नें जाईन."

तिनें तसेंच केलें. घरीं या प्रसंगाची वाच्यता आम्हां दोघांपैकीं कोणीं केली नाहीं. पण त्या दिवसापासून ती आमच्या मागें बसली नाहीं. कॉलेजला कितीहि उशीर झाला तरी ती रिक्षा शोधी. आम्ही किल्ली हातांत घेतली कीं तिला कांहींतरी काम आठवे. मुलांचा बापावरील विश्वास हा न मागतां मिळालेला ठेवा असतो. तो गेल्यावर त्याची किंमत कळते, आणि तो मागून परत मिळत नाहीं.

आम्हांस सर्वांत अधिक टोंचत होती ती गोष्ट निराळीच. आम्ही सावकाशच जात होतों. वेगाचा कांटा ताशी चाळिसाच्याहि खालीं होता. म्हणजे जो एकमेव मंत्र आमच्या आईनें आम्हांस दिला होता तो आम्ही तंतोतंत पाळला होता, आणि तरीहि मुलीसकट एस. टी.खालीं जाण्याची वेळ आली होती. मग चुकलें काय?

चेन्नईस नोकरीनिमित्त असलेल्या आमच्या पुतण्याजवळ एके दिवशीं टेलिफोनवर आम्ही हें बोलून गेलों. तो क्षणभर थांबून म्हणाला, "काका, तुम्ही गाडी चालवायला शिकलांत कोठें?"

"त्यांत शिकावयाचें काय? तुझ्या बाबांनीं एके संध्याकाळीं मैदानावर मागून धरलें, आणि दुसऱ्या दिवशीं सोडलें."

"म्हणजे शिकलांतच नाहीं," तो म्हणाला.

आम्हांस राग आला. पण विचार करतां उत्तर सुचेना. परवाना काढण्याच्या वेळीं साहेबांसमोर आठाचा आंकडा काढून दाखविला होता, तेवढी एक परीक्षा. ती चालण्याच्या गतीनें घेतली जाते, आणि त्या गतीला गाडी जशी वळते तशी ती घाटांत वळत नाहीं हें आम्हांस पुढें समजावयाचें होतें. पुतण्याचें म्हणणें कांहीं नवें नव्हतें. हॅरी हर्ट या संशोधकानें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिसच्या परिसरांतील सुमारे ९०० मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि सन १९८१ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. अपघातांत सांपडलेल्या चालकांपैकीं शेंकडा ९२ जणांनीं कोणत्याहि शाळेंत शिक्षण घेतलेलें नव्हतें. ते आपले आपण किंवा घरच्या माणसांकडून व मित्रांकडून शिकले होते. ज्या अपघातांत दुसरें वाहन नव्हतेंच, त्यांपैकीं सुमारे दोन-तृतीयांश चालकाच्या स्वतःच्या चुकीनें झाले होते. आणि ती चूक बहुधा दोहोंपैकीं एक असे : फाजील ब्रेक दाबून घसरणें किंवा वळणावर गाडी बाहेर जाऊं देणें. आम्ही त्या घाटांत दोन्ही चुका एकाच वेळीं केल्या होत्या. शिकलेला मनुष्य पडतच नाहीं असें या आंकड्यांवरून सिद्ध होत नाहीं हें खरें. पण घरगुती शिकवणीची थोरवीहि त्यावरून फारशी दिसत नाहीं. आपल्या देशांत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें १,६८,४९१ माणसें रस्त्यावर मृत्यु पावलीं, आणि त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. यांतील कितीजणांस निघतांना कोणीं 'सावकाश जा' म्हटलें नसेल?

पुतण्यानें ज्या शाळेचें नांव सांगितलें तिचा इतिहास मनोरंजक आहे. कीथ कोड या अमेरिकन शर्यतपटूनें सन १९८० मध्यें 'कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल' ही संस्था काढली. वळण घेणें ही उपजत देणगी नसून तिचे सुटे सुटे भाग करून तें कोणासहि शिकवितां येतें, असा त्याचा सिद्धांत. त्यानें तो 'ए ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या १९८३ च्या ग्रंथांत आणि दहा वर्षांनीं निघालेल्या त्याच्या दुसऱ्या भागांत मांडला. त्याच्या शिष्यांपैकीं वेन रेनी हा १९९०, १९९१ व १९९२ अशीं लागोपाठ तीन वर्षें जगज्जेता झाला. त्याच रेनीला १९९३ सालीं इटलींतील मिसानो येथें शर्यतींत पडून कायमचें अपंगत्व आलें, हेंहि येथेंच सांगून टाकतों. कारण विद्या कितीहि थोर असली तरी ती कवचकुंडलें नव्हे, हें वाचकांनीं आरंभापासून ध्यानांत ठेवावें. या शाळेचे वर्ग सन २०१० पासून चेन्नईजवळहि वेळोवेळीं भरत आले आहेत. श्रीपेरुंबुदुरनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथें मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाची सुमारे ३.७ किलोमीटर लांबीची, बारा वळणांची धावपट्टी आहे, तेथें.

घरीं हा बेत सांगणें हेंच खरें अवघड वळण होतें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सेवानिवृत्ति जवळ आली, आणि आतां शर्यतीला निघालांत?"

"शर्यत नव्हे, शाळा."

"तिथें पडतात ना लोक?"

तेव्हां नाइलाजानें वरंधा घाटांतील ती गोष्ट सांगावी लागली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. मुलगी रिक्षानें कां जाते याचा उलगडा त्यांना त्या क्षणीं झाला असावा. बराच वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत. मग उठून फडताळांतून मेतकुटाची बरणी काढली, कागदाच्या पुडींत अंगारा बांधला, आणि दोन्ही आमच्या पिशवींत ठेवीत म्हणाल्या, "मग नीट शिकूनच या."

पहाटे सहा वाजतां आम्ही त्या धावपट्टीवर पोंचलों. आरंभीं गाडीची तपासणी आणि पोषाखाची तपासणी. पोषाख म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध कातड्याचा, खांदे, कोंपर व गुडघे यांवर कठीण कवच बसविलेला. चेन्नईच्या उकाड्यांत तो अंगावर चढविणें हीच अर्धी तपश्चर्या होय. विद्यार्थी तीस-चाळीस, बहुतेक आमच्या मुलांच्या वयाचे. आमचा शिक्षक तर त्यांच्याहून थोडासाच मोठा होता. पण त्यानें आमच्या वयाबद्दल एकहि विनोद केला नाहीं, आणि दिवसभरांत एकदांहि आवाज चढविला नाहीं.

शिकविण्याची रीत अशी : प्रथम वर्गांत बसून फळ्यावर एकच धडा, मग वीस मिनिटें धावपट्टीवर त्याच एका धड्याची उजळणी, मग उतरल्याबरोबर शिक्षकाशीं समोरासमोर बोलणें. असे दिवसभरांत पांच धडे. आश्चर्य असें कीं पहिल्या फेऱ्यांत एकच गिअर ठेवावयाचा आणि ब्रेकला हात लावावयाचा नाहीं असा दंडक. आमच्यासारख्या ब्रेकवर श्रद्धा ठेवणाऱ्यास हें देवळांत जाऊन नमस्कार न करण्यासारखें वाटलें. पण त्यांतलें मर्म लवकरच कळलें. ब्रेक नाहीं असें एकदां ठरलें कीं वळणांत शिरण्यापूर्वींच योग्य वेग कोणता हें स्वतः ठरवावें लागतें. चूक करून मागाहून सांवरण्याची सोय राहत नाहीं.

पहिला धडा उजव्या मुठीचा. गाडी वळणांत झुकवून एकदां मार्गाला लागली कीं मूठ हलकेच पिळावयास आरंभ करावा, आणि वळण संपेपर्यंत ती एकसारखी, धक्का न देतां, अधिकाधिक उघडीत न्यावी. कारण असें. मूठ मिटली कीं गाडीचा व चालकाचा भार पुढच्या चाकावर कोसळतो, आणि मागचें चाक हलकें होतें. मूठ किंचित् उघडी असली कीं भार मागें सरकतो. पुढच्या चाकावर सुमारे चार भाग आणि मागच्यावर सहा भाग, अशी वांटणी गाडीला मानवते. मागचा टायर रुंद असतो तो उगाच नव्हे. भिऊन मूठ मिटणारा मनुष्य आपल्याच हातानें हा तोल बिघडवितो.

दुसरा धडा, वळण नेमकें कोठें घ्यावयाचें तें आधींच ठरविण्याचा. त्यासाठीं धावपट्टीवर फुल्या मारून ठेवल्या होत्या. बहुतेक नवशिके फार लवकर वळतात, कारण वळण दिसलें कीं तें उरकून टाकावेंसें वाटतें. लवकर वळलेली गाडी वळणाच्या शेवटीं बाहेर फेंकली जाते. थोडें थांबून वळलें तर पुढचा रस्ता अधिक दिसतो आणि शेवटीं जागा उरते.

तिसऱ्या धड्यानें मात्र आमच्या तीस वर्षांच्या समजुतीस सुरुंग लावला. शिक्षकानें विचारलें, "डावीकडे वळण्यासाठीं तुम्ही काय करतां?" आम्ही म्हणालों, "हँडल डावीकडे फिरवितों, आणि अंग झुकवितों." तो हंसला नाहीं. त्यानें आम्हांस सरळ पट्टीवर ठराविक वेगानें जावयास सांगितलें, आणि डाव्या हातानें डावी मूठ हलकेच पुढें ढकलून पाहा म्हणाला. आम्ही ढकलली. गाडी उजवीकडे जावयास हवी होती. ती डावीकडे झुकली आणि डावीकडे वळली!

यांत चमत्कार नाहीं. डावी मूठ पुढें ढकलली कीं पुढचें चाक क्षणभर उजवीकडे जातें. चाकाचा जमिनीवरचा टेंका उजवीकडे सरकतो, पण गाडीचें अंग पूर्वीच्याच रेषेंत चाललेलें असतें. म्हणून तें टेंक्याच्या डावीकडे कलतें. हातावर काठी उभी तोलून धरणाऱ्या मुलास विचारा. काठी डावीकडे कलवावयाची तर तो तळहात उजवीकडे नेतो. गाडी एकदां कलली कीं चाक आपोआप डावीकडे फिरतें आणि वळण सुरू होतें. चालण्याच्या गतीला हा प्रकार जाणवत नाहीं. म्हणूनच आठाच्या आंकड्यांत तो कळत नाहीं. सायकलवर आपण सर्वजण लहानपणापासून हेंच करतों आणि जाणत नाहीं. विमानाचे जनक राइट बंधु हे सायकलींचे कारागीर. त्यांतील विल्बरनें कित्येक सायकलस्वारांस हा प्रश्न विचारून पाहिला, आणि पहिल्याच झटक्यास पुरें व बरोबर उत्तर देणारा त्यास एकहि भेटला नाहीं. केवळ अंग झुकवून गाडी वळते असें मानणाऱ्यांसाठीं कोडच्या शाळेनें एक गाडीच बनविली. तिला नेहमीच्या हँडलाशिवाय चौकटीस पक्का जोडलेला, न वळणारा दुसरा दांडा आहे. तो धरून चालक कितीहि डोलला तरी गाडी नीटशी वळत नाहीं, आणि वाद तेथेंच मिटतो.

हें समजल्यावर आम्ही सांवलींत बसून वरंधा घाटाचा हिशेब केला. गाडीनें किती झुकावें हें वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरतें. पन्नास मीटर त्रिज्येचें वळण ताशी ३६ किलोमीटर वेगानें घेतांना गाडी उभ्या रेषेपासून सुमारे १२ अंश झुकते. वेग दुप्पट केला तर आडवें बल चौपट लागतें, आणि झुकाव ३९ अंशांपर्यंत जातो. आमचें घाटांतलें वळण पंचवीस मीटरांचें धरलें आणि वेग ३६, तर झुकाव येतो अवघा २२ अंश. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला टायर याहून पुष्कळ अधिक सहज सोसतो. म्हणजे त्या दिवशीं रस्ता अपुरा नव्हता, टायर अपुरा नव्हता, गाडी अपुरी नव्हती. डावी मूठ आणखी थोडी ढकलली असती तर वळण आवळलें असतें आणि एस. टी. आपल्या वाटेनें गेली असती. जें अपुरें पडलें तें आम्ही होतों. हें कागदावर पाहिलें तेव्हां आमच्या हातास कंप सुटला. घाटांत सुटला नव्हता इतका.

चौथा धडा हात सैल सोडण्याचा. भ्यालेला मनुष्य हँडल आंवळून धरतो. त्यामुळें रस्त्याचा प्रत्येक खळगा हातांतून गाडींत आणि गाडींतून हातांत फिरत राहतो. गाडीला पायांनीं व मांड्यांनीं धरावें आणि हात मोकळे ठेवावे.

पांचवा धडा डोळ्यांचा. वळण्याची खूण आली कीं ती पाहून घ्यावी. आणि वळण्यापूर्वींच दृष्टि तेथून उचलून पुढें, जेथें गाडीला न्यावयाचें आहे तेथें, नेऊन ठेवावी. ऐकण्यास सोपें, करण्यास महाकठीण. दुपारच्या फेरींत एका उजव्या वळणावर आमच्या पुढचा विद्यार्थी पट्टी सोडून गवतांत गेला. त्याला कांहीं झालें नाहीं. पण आम्ही त्याच्याकडे पाहिलें, आणि आमचीहि गाडी त्याच्याच मागोमाग गवताकडे निघाली. वरंधा घाट पुन्हां समोर उभा राहिला : तीच मिटलेली बोटें, तेच खिळलेले डोळे. केवळ पट्टी रुंद होती आणि समोरून कोणी येत नव्हतें, म्हणून निभावलें.

उतरल्यावर आम्ही शिक्षकापुढें मान खालीं घालून उभे राहिलों. आतां बोलणीं खावयाचीं, असें शालेय जीवनांतील संस्कारांमुळें वाटलें. तो एवढेंच म्हणाला, "तुम्ही कोठें पाहत होतांत?"

"त्या मुलाकडे."

"गाडी कोठें गेली?"

"त्या मुलाकडे."

"पुढच्या फेरींत त्या वळणावर बाकी सर्व विसरा. फक्त पुढें पाहा."

कोडनें या भयजन्य क्रियांची यादीच केली आहे : मूठ मिटणें, पकड आवळणें, दृष्टि आकुंचित होणें, ती एकाच ठिकाणीं खिळणें, जेथें पाहावें तिकडेच गाडी जाणें, हात गोठून गाडी न वळविणें, आणि ब्रेक चुकीचा दाबणें. पायावर उभ्या असलेल्या प्राण्याला भय सांवध करतें. दोन चाकांवरच्या मनुष्यास तेंच भय बरोबर उलटें करावयास लावतें. त्याचा दुसरा एक दृष्टान्त आम्हांस फार आवडला. माणसाचें अवधान म्हणजे खिशांतील दहा डॉलरची नोट समजा. नवशिक्याची सारी नोट गाडी तोलण्यांतच खर्च होते. सराव झाला कीं तेंच काम थोड्या पैशांत होतें, आणि उरलेले रस्त्याकडे पाहावयास मिळतात. भय मात्र एका क्षणांत पुरी नोट हिसकावून घेतें.

हें ऐकतांना आमच्या मनांत आमचें घर उभें राहिलें. मूल चुकलें कीं आपण त्याला एका श्वासांत दहा गोष्टी सांगतों : अक्षर बघ, पाठ सरळ ठेव, पेन्सिल नीट धर, गेल्या वेळींहि हेंच केलेंस. त्या बिचाऱ्याच्या खिशांत दहाच रुपये असतात. आणि ते आपल्या रागाकडे पाहण्यांतच संपतात. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, ती करून घ्यावी, आणि चुकल्यावर 'काय झालें?' असें विचारून उत्तर ऐकून घ्यावें, हें त्या पंचविशींतील शिक्षकानें आम्हांस शिकविलें. वळण लावणें याला म्हणावें.

पुढच्या फेरींत त्या उजव्या वळणावर आम्ही फक्त पुढें पाहिलें. गाडी वळली. इतकेंच.

आतां या विद्येची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अशा शाळा तरुणांस धीट करतात आणि धिटाईनें ते रस्त्यावर मरतात, हा आक्षेप निराधार नाहीं. धावपट्टीवर सर्वजण एकाच दिशेनें जातात. तेथें गाय नाहीं, वाळू नाहीं, डिझेल सांडलेलें नाहीं, आणि चुकल्यास गवत आहे. आपल्या घाटांत चुकल्यास दरी आहे. पट्टीवर वळण घेतांना संपूर्ण रुंदी वापरतात. रस्त्यावर आपली अशी अर्धीच रुंदी असते, आणि मध्यरेषा ओलांडून साधलेली सुंदर रेघ ही पुढच्या बसचालकावर सोंपविलेली जबाबदारी असते. शर्यतपटु गाडी ६० अंशांहून अधिक झुकवितात आणि गुडघा जमिनीला टेंकवितात. त्याचा आपल्या संसारांत कांहीं उपयोग नाहीं. घाटांत न्यावयाचें तें इतकेंच : वेग वळणापूर्वीं कमी करावा, आंत शिरल्यावर नव्हे, जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा, वळावयाची घाई करूं नये, ज्या बाजूस जावयाचें त्या बाजूची मूठ ढकलावी, आणि नको त्या वस्तूकडे न पाहतां वाटेकडे पाहावें. 'सावकाश जा' हें खोटें नाहींच. पण तो उपदेश आहे; शिक्षण नव्हे. उपदेश घरीं देतां येतो. शिक्षण कोणाकडून तरी घ्यावें लागतें.

परत आल्यावर एका सकाळीं आम्ही एकटेच वरंधा घाटांत गेलों. तें वळण आलें. अलीकडेच वेग कमी केला, थोडें थांबून वळलों, डावी मूठ ढकलली, आणि जेथें रस्ता डोंगराआड जातो तेथें दृष्टि ठेवली. वळण पूर्वीसारखेंच आवळत गेलें, आणि गाडीहि त्याच्याबरोबर गेली. कांहींच घडलें नाहीं. या विद्येचें फळ एवढेंच आहे. तें कोणास दाखवितां येत नाहीं.

कन्येस मात्र आम्ही सर्व सांगितलें. कागदावरचा बावीस अंशांचा हिशेबहि दाखविला, आणि चूक गाडीची नव्हती, एस. टी.ची नव्हती, माझी होती असें सांगितलें. तिनें कागद बराच वेळ पाहिला. आतां ती मागें बसेल अशी आम्हांस आशा होती. ती म्हणाली, "बाबा, मला गाडी चालवायला शिकायचं आहे."

शेजारच्या काकूंनीं मुलीच्या जातीस हें कशाला, असा प्रश्न केला. त्यास आमच्या सौभाग्यवतींनींच उत्तर दिलें. बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे या मुलीनें सन २०१९ मध्यें मोटारसायकलींच्या बाहा शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकल्याचें त्यांनीं वाचलें होतें. आणि शिवाय, त्या म्हणाल्या, मागें बसून मरण्यापेक्षां पुढें बसून शिकलेलें बरें.

संध्याकाळीं मैदानावर नेऊन मागून धरावें, दुसऱ्या दिवशीं सोडावें, असा मोह आम्हांस झाला नाहीं असें नाहीं. बापाला मुलीस शिकविण्याइतकें सुख दुसरें कोठलें? पण त्या ९२ टक्क्यांची आठवण झाली, आणि मोह आंवरला. तिनें वर्षभर पुण्यांतच एका शिक्षकाकडे पाया पक्का केला, परवाना काढला. आणि गेल्या महिन्यांत ती चेन्नईस गेली.

स्टेशनवर गाडी हलतां हलतां तिची आई म्हणाली, "जपून जा."

आम्ही म्हणालों, "पुढें पाहा."

ती खिडकींतून हंसून म्हणाली, "आणि सावकाश नको?"

"तेंहि हवें," आम्ही म्हणालों, "पण आधीं पुढें पाहा."